दोन पिपे की तीन

आमच्या मोठेबाबांनी आयुष्यात कोणतीही वस्तू एकटी पाहून घेतली नाही. चप्पल असो, कंदील असो, नाहीतर बैल असो, समोर दोन नग पाहिजेतच. दुकानदाराकडे एकच असला की ते पाठ फिरवून चालू लागत. "एकालेच पाहून घेतलं त ते पसंत करणं नोहय पोरी, ते गळ्यात पाडून घेणं होय," असं त्यांचं म्हणणं. ऐकायला मोठं शहाण्यासारखं वाटतं. पण ज्यांनी त्यांच्यासोबत भर उन्हात उभं राहून दोन सारख्या बादल्यांच्या कड्या तासभर तपासल्या आहेत, त्यांना विचारा. मला विचारा. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली, तरी कधी भांडी घासता घासता मला एकदम त्यांचा राग येतो आणि हातातलं पातेलं मी जरा जास्तच जोरात आपटते.

गोंदियाहून घरी यायचं म्हणजे कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरून गावाची दुसरी बस धरावी लागे. बस आली की सगळे धावत. मोठेबाबा जागचे हलत नसत. "मागची पाहू," म्हणत. मागची यायची दोन तासांनी, आणि तीही खचाखच भरून. मग तिच्या दारात लोंबकळत ते मला समाधानानं सांगत, "पण आता पक्कं मालूम झालं ना, का पहिली बरी होती?" यावर माणसानं काय बोलावं, सांगा!

माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी दोन स्थळं पाहिली. एक मास्तर, एक बँकेतला कारकून. दोन्ही मुलगे चांगले, दोन्हींकडचे लोक चांगले. त्यामुळे मोठेबाबा पार अडकून बसले. मास्तरचं एकदा पाहू, कारकुनाचं पुन्हा पाहू, असं करता करता त्या दोघांचीही एकाच उन्हाळ्यात लग्नं लागली, आणि दोन्ही पत्रिका आमच्याच घरी आल्या. तिसरं स्थळ आलं तेव्हा मोठाईनं, ते आठवडी बाजारात गेलेले पाहून, पाहुण्यांना परस्पर होकार कळवून टाकला. म्हणून माझं लग्न झालं. नाहीतर मी अजून त्या ओसरीवरच बसलेली असते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठाई त्यांची बायको. माझी आई मला आठवतच नाही. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून त्यांचंच घर ते माझं घर. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे आणि एक मुलगी होती, पण बाजारहाटाला सोबत मीच लागे. कारण बाकीची तिघं हुशार निघाली, मोठेबाबांनी पिशवी हातात घेतली की मागच्या दारानं पसार होत. पुढे मी गोंदियाच्या एका शाळेत शिकवायला लागले, लग्न होऊन तिथंच राहिले, तेव्हा तर शहरातल्या सगळ्या खरेद्या माझ्या घरी मुक्काम ठोकूनच होऊ लागल्या.

ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याच्या काठावर नुसती टाच दाबून माती किती बसली ते सांगत. खात्यात त्यांचं नाव फार चांगलं होतं, कारण तिथं ठरवायचं काम वरच्या साहेबांचं असे. पाणी आणि माती हे तर आमच्या घराण्यातच. घरासमोरचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधलेला. आता तो सरकारजमा आहे, आमचा त्यावर काडीचा हक्क नाही, पण मोठेबाबा सकाळी दात घासत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चक्कर मारत ते मालकासारखेच. आणि आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगत, "हे पाळ बांधली तवा आमच्या घरचा एकही माणूस काठावर बसला नाही. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत साऱ्यांनी माती वाहिली. आमच्या घरात असंच आहे. करायचं त साऱ्यांनी, जायचं त साऱ्यांनी." हे वाक्य पुढे आम्हाला किती महागात पडणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

मोठाई या तलावाच्या काठावर सून म्हणून आली आणि चाळीस वर्षं काठावरच राहिली. कपडे धुतले, पाणी भरलं, गौरी बोळवल्या, पण पाण्यावर कधी गेली नाही. तलावात मासे धरणाऱ्या सोमा ढिवराचे डोंगे समोरच बांधलेले असत. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद नाव, जरा कूस बदलली की कलंडते. ओव्हरसियरच्या बायकोनं त्यात बसणं मोठेबाबांना मंजूर नव्हतं. "डोंग्यात बसणं म्हणजे पाण्यातच बसणं होय," ते म्हणत. मोठाईची इच्छा तर एवढीशी होती. "एकडाव मधात जाऊन आपलं घर पाह्यचं आहे मले. तिकडून कसं दिसते, त पाहू." सोनं नाही मागितलं, काशी नाही मागितली. समोरच्या तलावात शंभर हात आत जायचं होतं फक्त.

दोन हजार एक साली मोठेबाबा रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाचा हार गळ्यात तसाच ठेवून ते घरी आले आणि ओसरीवर जाहीर केलं, "आता बोट घेतो. घरचे सारे बसून तलावात सहलीला जाऊ." त्यांना पाहिजे होती पॉन्टून बोट. नोकरीत कुठल्याशा धरणावर साहेबांसोबत ते तशा बोटीवर बसले होते. खाली लांबलांब बंद पिपे, त्यांच्यावर सपाट फळ्या, भोवती कठडा, डोक्यावर छप्पर. हलत नाही, डुलत नाही. मोठाईनं सगळं वर्णन नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तरंगता ओटा म्हणा ना!" पण खूश झाली होती. त्या दिवशी तिनं न सांगता खीर केली.

गोंदियात राइस मिलच्या टाक्या बनवणारा एक मिस्त्री होता. मोठेबाबा मला घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं कागदावरचं चित्र पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "बन जाएगी साहब. बस इतना बता दो, दो पीपे लगाऊँ या तीन?"

झालं! त्या भल्या माणसाला काय माहीत आपण कोणाला काय विचारलं ते. दोन पिप्यांची बोट हलकी, बांबूनं ढकलायला सोपी, दहा-बारा माणसं बसतील. तीन पिप्यांची जड, पण भक्कम, वीस-पंचवीस सहज. मोठेबाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला धडकीच भरली. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "आराम से." त्यानंतर सात वर्षं आरामात गेली.

कोठीच्या दाराच्या मागच्या बाजूला त्यांनी खडूनं उभी रेघ मारली. डावीकडे दोन पिपे, उजवीकडे तीन. दोन्हींचे गुण आणि दोष. मग नागपूरला जाऊन तयार बोटी पाहून आले, तेव्हा आणखी एक रेघ आली, कारण तिथले पिपे पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. पत्रा गंजतो, फायबर तडकते. छप्पर कापडी की पत्र्याचं? बाकं आडवी की कडेनं? मी दर शनिवारी गावी जायची आणि दाराकडे पाहून माझं डोकं फिरायचं. "मोठेबाबा, घ्या ना बापा एक कोणतीतरी!" "कोणतीतरी कशी घेऊ? पाण्याचं काम आहे पोरी, चप्पल नोहय." जसं काही चपलेच्या वेळी पटकन घेतली होती!

दाराच्या खालच्या भागात माणसांची यादी होती. सारे बसले पाहिजेत, हा नियम. सुरुवातीला चौदा नावं होती, म्हणजे दोन पिप्यांत दाटीवाटीनं भागलं असतं. मग धाकट्या मुलाचं लग्न झालं. मग मुलीला जुळे झाले. मग मला मुलगी झाली. घरात पाळणा हलला की लोक पेढे वाटतात, मोठेबाबा खडू घेऊन कोठीत जात. मी बाळंतपणाहून उठले नव्हते तर मला म्हणतात, "तुझ्या पोरीनं हिसाबच बदलवला ना!" मला हसावं की रडावं कळेना. एकदा ती यादी मी नीट वाचली. सगळ्यांची नावं होती, जावयांची, बाळांची. मोठाईचं नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं काय लिहायचं? तिच्याचसाठी त आहे हे सारं."

आणि मग मोठाईच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. ताट वाढताना वाटी ताटात ठेवायची ती जमिनीवर ठेवू लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, गेलं ते परत येत नाही, आहे ते औषधानं जितकं टिकेल तितकं टिकेल. सवयीप्रमाणे मोठेबाबा तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे, नागपूरला घेऊन गेले, सोबत मीही होते. त्यांनीही तेच सांगितलं, शब्द न शब्द तेच. त्या दिवशी परतताना आम्ही कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरलो. जी पहिली बस आली तिच्यात मोठेबाबा चढले.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ते स्वतः तिच्या डोळ्यांत थेंब टाकत. एकही दिवस चुकला नाही. शेजारी लग्न असो की घरी पाहुणे, सहा वाजले की ते उठत, हात धुवून येत, तिची हनुवटी धरत आणि म्हणत, "वर पाह्य." हे मी खोटं कशाला सांगू? इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच तर जास्त संताप येतो.

मला वाटलं, आता तरी घेतील. तिला दिसतं आहे तोवर तिला पाण्यावर न्यायचं, एवढं तर लहान लेकरालाही कळेल! पण नाही. आता त्यांना नवीन काळजी. तिला कमी दिसतं, म्हणजे कठडा उंच पाहिजे. पायरी ठेंगणी पाहिजे. बोट जरासुद्धा हलायला नको. दाराची मागची बाजू भरली म्हणून ते पुढच्या बाजूनं लिहू लागले. मोठाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत असे, बोटांनीच, आणि एकदा मात्र तिचाही धीर सुटला. "अजी," ती म्हणाली, "मले बोट नाही पाह्यची. मले तलाव पाह्यचा आहे."

"तेच त करून राहिलो ना," मोठेबाबा म्हणाले.

दोन हजार पाचच्या दिवाळीत मी सोमाशी परस्पर बोलले. सोमा म्हणाला, "दोन डोंगे जोडून बांधतो बाई, वर पाट टाकतो. मायले मधात बसवतो. काही होत नाही, मी आहे ना." चार माणसं आरामात गेली असती. तेव्हा मोठाईला समोरचं दिसत होतं, नळीतून पाहिल्यासारखं का होईना, पण दिसत होतं. मी मोठेबाबांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, उद्या सकाळी जायचं.

"आणि बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे गेले खड्ड्यात!" मी ओरडले. त्यांच्यासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तिचे डोळे चाललेत मोठेबाबा! तुम्ही माणसं कसली मोजून राहिलात? राहतील बाकीचे काठावर. मी राहते काठावर!"

ते उठले. मला हाताला धरून कोठीत घेऊन गेले, दार लोटलं आणि यादीवर बोट ठेवलं. सगळ्यात वर माझं नाव होतं. बेबी. त्यांच्या स्वतःच्या मुलांच्याही आधी. "तुझा बाप असता त तो वरती राहिला असता," ते म्हणाले. "तो नाही म्हणून तू आहे. तुले काठावर ठेवून मी बोटीत बसू? काऊन, तुले परकी समजतो का मी?"

मला रडू आलं. चांगलं पंधरा मिनिटं रडले मी त्या कोठीत. आणि रडण्याच्या भरात सोमाचं, पाटाचं, उद्या सकाळचं सगळं राहून गेलं. त्यांच्या मायेनं त्यांनी माझं तोंड बंद केलं आणि मीही ते होऊ दिलं. पुढचं वर्ष गेलं, त्यापुढचं गेलं. हा राग माझा माझ्यावरचा आहे, पण तो त्यांच्या नावानं काढायला सोपा जातो.

दोन हजार आठच्या दिवाळीला बोट आली. तीन पिपे, पत्र्याचे, वर निळं छप्पर, कठडा छातीइतका उंच. इंजिन नव्हतं, कारण इंजिनं दोन पाहायची राहिली होती. सोमा आणि त्याचा भाऊ बांबूनं ढकलणार होते. मुलगे आले, सुना, लेक, जावई, नातवंडं, सारे आले. यादीतले तेवीसच्या तेवीस. तेव्हा मोठाईला फक्त उजेड आणि सावली कळत होती. समोर कोण उभं आहे ते ती आवाजावरून ओळखे. नवं लुगडं नेसून ती मोठेबाबांचा हात धरून पायरी चढली, आणि खरं सांगते, ती पायरी अगदी बरोबर उंचीची होती. त्यांनी तिला सगळ्यात पुढच्या बाकावर बसवलं.

पोरांनी नुसता धिंगाणा घातला होता. डबे उघडले, चिवडा फिरला. सोमानं बांबू रोवला आणि बोट निघाली. काय बोट होती! पाण्याची जाणीव म्हणून नाही. बाकावरचा चहाचा कप जागचा हलेना. जावई म्हणाले, "बाबूजी, मान गये!" आणि मोठेबाबा कठड्याला धरून उभे होते, सात वर्षांचं सार्थक झालेल्या चेहऱ्यानं. काठ मागे गेला, घर लहान झालं, तलावाच्या मध्यावर आम्ही पोचलो. ओसरी, पिंपळ, पांढरी भिंत, सगळं तिकडून दिसत होतं. खरंच फार सुंदर दिसत होतं.

तेव्हा मोठाई मान थोडी वळवून म्हणाली, "अजी, निघायले अजून किती वेळ आहे?"

कोणाच्या ते चटकन लक्षात आलं नाही. मग जुळ्यांपैकी एक जण म्हणाला, "आजी, आपण मधात आहोत ना! केव्हाच्याच निघालो." मोठाई म्हणाली, "होय का?" तिनं पदर सारखा केला. मग बरं दिसावं म्हणून म्हणाली, "छान आहे बोट. थोडीही हालत नाही."

मी मोठेबाबांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. परत येईपर्यंत ते कठड्याशी पाठमोरेच उभे होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठाईला हाताशी धरून ते घाटावर आले. सोमा जाळं आवरत होता. "डोंगा लाव," मोठेबाबा म्हणाले. सोमानं विचारलं, लहान की मोठा. "जो पाण्यात आहे तो," ते म्हणाले. सोमानं बुडाला धानाची तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा, अंथरली. मोठाईनं पाय टाकताच डोंगा असा कलंडला की ती "अगे माय वं!" करून ओरडली आणि दोन्ही काठ घट्ट धरून खाली बसली. मागे मोठेबाबा, टोकाला सोमा. तिसऱ्याला जागाच नव्हती. आम्ही सगळे, यादीतले सगळे, पाळीवर उभे.

डोंगा डुलत डुलत आत गेला. पाणी उडत होतं. मोठाई आधी ओरडत होती, मग ओरडता ओरडता हसायला लागली. तिचं तसं हसणं मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं. तिनं एक हात सोडून पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. मोठेबाबा काहीतरी सांगत होते. मध्येच ते बोट करून दाखवत, मग आठवण होऊन हात खाली घेत आणि पुन्हा तोंडानं सांगू लागत. घर सांगत असतील, पिंपळ सांगत असतील. काठापर्यंत काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ ते तिथं होते.

परत आले तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. मोठेबाबा चिखलात उतरून तिला हात देत होते. मी पुढे झाले आणि दुसरा हात धरला. जमिनीवर पाय टेकल्यावर ती लगेच चालू लागली नाही. ओला हात तिनं डोंग्याच्या काठावर ठेवला, तो चाचपला, इकडून तिकडे.

"अजी," ती म्हणाली, "हा डोंगा इतले साल अथीच होता, या घाटावर?"

मोठेबाबा खाली पाहत होते.

"हो," ते म्हणाले. "अथीच होता."